अडथळ्याचा सातबारा

आपण अपंग आहोत हे सिद्ध करायला माणूस चांगला धडधाकट लागतो. सातपुड्यात तर जरा जास्तच. अक्राणी तालुक्यातल्या एखाद्या पाड्यावरून पहाटे निघायचं, दगडगोट्यांची पायवाट उतरायची, मधला ओढा ओलांडायचा, डांबरी रस्त्याला लागून जीपची वाट बघायची, जीपमध्ये नसलेली जागा करून घ्यायची, धडगाव गाठायचं, तिथून चांदसैलीचा घाट उतरून तळोदा आणि तळोद्याहून तापी ओलांडून नंदुरबार. एवढं सगळं पार पाडून वैद्यकीय बोर्डापुढे उभं राहायचं आणि सांगायचं, “साहेब, मला चालता येत नाही.” कुठल्याही विचारी माणसाच्या तोंडी इथे ‘मग आलात कसे?’ हा प्रश्न येईल. बोर्ड तो विचारत नाही. फॉर्मात तसा रकाना नाही.

त्या नसलेल्या रकान्याबद्दल मला थोडं बोलायचं आहे.

मी गणिताचा शिक्षक. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालो आणि डोंगरातच राहिलो. इथे निवृत्त गुरुजीला पेन्शनखेरीज एक बिनपगारी खातं मिळतं, गावाचे अर्ज भरण्याचं. बायको म्हणते, नोकरीत असताना एवढं काम केलं असतंत तर केंद्रप्रमुख झाला असतात.

माझे सर्वांत जुने अर्जदार म्हणजे आमचे मिस्त्री. लहानपणी डाव्या पायाला पोलिओ झालेला. देश २०१४ साली पोलिओमुक्त जाहीर झाला, मिस्त्री तेवढे राहून गेले. पाड्यावरचा हातपंप, सौरदिवा, टॉर्च, मोबाइल, जे काही बंद पडेल ते मिस्त्रींकडे येतं आणि चालू होऊन परत जातं. त्यांना दुरुस्त न करता आलेली वस्तू एकच, त्यांची स्वतःची फाइल.

कायद्याच्या बाबतीत आपण मुळीच मागे नाही. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि प्रकार झाले २१. आमच्या दृष्टीने त्यातला महत्त्वाचा म्हणजे सिकलसेल. हा रक्ताचा आजार आदिवासी पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या आहे. पूर्वी तो नुसता दुखायचा, आता यादीतही आहे. अडचण अशी, की सिकलसेलवाला पोरगा दिसायला अगदी ठणठणीत. बोर्डाच्या दिवशी त्याला दुखत नाही, आणि त्याला दुखतं त्या दिवशी बोर्ड नसतं. “गुरुजी, दुखणं बोर्डाच्या वाराला आणता येईल का?” असं एका आईने मला विचारलं होतं. तिने ते विनोदाने विचारलं नव्हतं. आम्ही दोघेही त्यावर हसलो नाही. पण अर्जात काय लिहावं हेही सुचलं नाही.

यादीत बसलं म्हणजे काम झालं असंही नाही. पुढे टक्के. शाळेत मी ३५ ला पास करायचो, इथे ४० लागतात. त्याच्या आत राहिलात तर तुमचं दुखणं खरं, पण योजनेच्या कामाचं नाही. एखादा ३८ वर अडकला की मला जुन्या सवयीने ग्रेसचे दोन गुण द्यावेसे वाटतात.

आणि ज्याला दोन अपंगत्वं असतील त्याच्यासाठी तर खास गणित आहे. अपंगत्व मोजण्याच्या सरकारी सूचनांत सूत्रच दिलेलं आहे: नव्वदातून मोठा आकडा वजा करा, उरलं त्याला लहान आकड्याने गुणा, नव्वदाने भागा आणि जे येईल ते मोठ्या आकड्यात मिळवा. म्हणजे पायाचे ४० आणि कानाचे ३० मिळून ७० होत नाहीत, ५७ च्या आसपास होतात. सूत्रामागचा विचार बरोबर आहे. नाहीतर चार-पाच व्याधी असलेला माणूस दीडशे टक्के अपंग निघायचा. हे मी एका म्हातारबाबांना तासभर समजावून सांगितलं. कानाचे ३० टक्के असल्यामुळे मोठ्याने सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग माझे तेरा कुठे गेले?” संध्याकाळपर्यंत सगळ्या पाड्यावर झालं की सरकारने बाबांचे तेरा टक्के कापले. टक्के कापले म्हटल्यावर लोक समजायचं ते समजले.

या सगळ्यातून पार पडल्यावर जे कार्ड मिळतं त्याला स्वावलंबन कार्ड म्हणतात. ते काढायला तीन माणसं लागतात. ४० टक्क्यांच्या आत असाल तर त्यावर पांढरा पट्टा, ४० ते ८० पिवळा आणि ८० च्या पुढे निळा. मिस्त्रींना ६० टक्के, म्हणून पिवळा. पूर्वी त्यांच्याकडे शाईने लिहिलेलं, गोल शिक्क्याचं, ‘कायमस्वरूपी’ असा शेरा असलेलं प्रमाणपत्र होतं. संगणकाचं युग आल्यावर ते कायमस्वरूपी प्रमाणपत्र बाद झालं. पाय मात्र तोच राहिला. नव्या कार्डासाठी पुन्हा तीच पायवाट, तोच ओढा, तोच घाट. २०२४ साली नियमांत दुरुस्ती होऊन प्रमाणपत्र देण्याची मुदत एका महिन्यावरून तीन महिने झाली. आमच्याकडे याचा धक्का कुणाला बसला नाही. वस्तुस्थितीला सरकारी मान्यता मिळाली म्हणून उलट बरं वाटलं.

प्रवासाचं म्हणाल तर सवलती पाहून मन भरून येतं. एसटीत दिव्यांगाला तिकिटात ७५ टक्के सूट. ६५ टक्क्यांच्या वर अपंगत्व असेल तर सोबत्यालाही ५० टक्के. २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास फुकट, २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. आमच्या पाड्यावरच्या एक आजी अंध आहेत, बाई आहेत आणि पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. सवलतींची सरळ बेरीज केली तर महामंडळानेच त्यांना दर फेरीला वर पैसे द्यायला हवेत. अशी सव्वादोनशे टक्के सूट घेऊन आजी ओट्यावर बसलेल्या असतात, कारण पाड्यापर्यंत एसटी येत नाही. येते ती जीप, तीही खालच्या रस्त्यापर्यंत. आणि जीपवाल्याचा सवलतीचा नियम एकच आहे: आत पूर्ण भाडं, टपावर पाच रुपये कमी.

सोबत्याचं कलम तर मिस्त्रींना तोंडपाठ आहे. सोबत्याची सवलत ६५ ला सुरू होते, मिस्त्री ६० वर. म्हणजे मिस्त्री एकटे जाऊ शकतात असं शासनाचं मत आहे. शासनाचं मत ऐकून मिस्त्री पुतण्याला हाक मारतात.

या पुतण्याला मी योजनांच्या कुठल्याच पुस्तिकेत पाहिलेलं नाही. तो काकांना ओढ्यात पाठीवर घेतो. जीपमध्ये आधी चढून जागा धरतो. रांगेत उभा राहतो. झेरॉक्स काढतो, पासपोर्ट फोटो भिजला तर परत काढून आणतो, ‘उद्या या’ म्हटलं की रात्री झोपायची सोय बघतो. साहेबांचं मराठी काकांना पावरीत सांगतो, काकांची पावरी साहेबांना मराठीत सांगतो आणि सांगताना मधल्या शिव्या गाळतो. यातलं शेवटचं काम सर्वांत कौशल्याचं. त्याची दिवसाची मजुरी बुडते ती वेगळी. ती कुठल्याच फॉर्मात मागता येत नाही. दुर्गम भागात दिव्यांग साहाय्य केंद्र म्हणून जे काही आहे ते हा पुतण्या आहे. ज्याला पुतण्या नाही त्याला योजना नाही. दिवाळीनंतर पुतण्या ऊसतोडीला गुजरातेत जातो. मग होळीपर्यंत विभाग बंद.

डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्राने दिव्यांग कल्याणासाठी मंत्रालयात स्वतंत्र विभाग काढला, ही मोठीच गोष्ट झाली. ही बातमी मी मिस्त्रींना वाचून दाखवली. ते म्हणाले, “चांगलं झालं. आता पुतण्याला साहेब मिळाला.”

ओळख पटवण्याचं प्रकरण निराळं. आधार कार्डाचा जन्म आमच्या जिल्ह्यातला. २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभलीत देशातली पहिली आधार कार्डं वाटली गेली. पंतप्रधान स्वतः आले होते. त्यामुळे ‘आधार जुळत नाही’ असं केंद्रावरचा मुलगा म्हणाला, की आपलीच लेक सासरी गेल्यावर ओळख दाखवत नाही तसं वाटतं. एरवी तो मुलगा गुणी आहे. दोष यंत्राचा. यंत्राला समोरच्या माणसाकडे नेमकं जे नसेल तेच मागायची खोड आहे. कुष्ठरोगातून बरे झालेले बाबा आले, की ते म्हणतं, बोट ठेवा. अंध आजींच्या बोटांच्या रेषा दळून-कांडून झिजलेल्या, म्हणून त्यांना म्हणतं, डोळे दाखवा. ऐकू न येणाऱ्या तरुणाला निरोप मिळतो की खात्री करण्यासाठी फोन येईल, त्यावर माहिती सांगा. मिस्त्रींची बोटं, डोळे, कान सगळं ठीक. त्यांना सांगतात, इथे रेंज नाही, जरा टेकडीवर जाऊन या. अशा लोकांसाठी अपवादाची सोय नियमात आहे. मी ती वाचलेली आहे. पण नियम छापील आहे आणि यंत्राला वाचता येत नाही.

पैशांचं सांगतो. संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासूनची. दिव्यांगांचं महिन्याचं अनुदान २०२५ मध्ये दीड हजारावरून अडीच हजार रुपये झालं. यात थट्टेला जागा नाही. अडीच हजारांनी पाड्यावरच्या घरात मीठ-मिरची, तेल आणि औषधाचा खर्च निघतो. म्हाताऱ्या माणसाला घरात पुन्हा ‘तुम्हाला काय हवं?’ असं विचारलं जातं, हा फायदा तर कुठल्याच अहवालात येत नाही. केंद्राचंही निवृत्तिवेतन आहे, ८० टक्क्यांच्या पुढच्यांना. त्यात केंद्राचा वाटा महिना ३०० रुपये. तेवढ्यात जीपचं जाणं-येणं भागतं, म्हणजे निवृत्तिवेतन आणायला जाता येतं.

मात्र अनुदानासाठी दिव्यांगाच्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५० हजारांच्या आत हवं, आणि तसा दाखला हवा. आता पाड्यावरच्या घराचं उत्पन्न काढायचं कसं? कैऱ्या सोलल्या, वाळवल्या, त्याचा आमचूर झाला. धडगावचा आमचूर नावाजलेला. तो व्यापाऱ्याने नेला. वजन त्याने केलं, भाव त्याने ठरवला, उधारी त्याने वळती करून घेतली. म्हणजे आमचं उत्पन्न किती हे व्यापाऱ्यालाच ठाऊक. मोहाची फुलं वेचली ती काही विकली, काही घरात संपली. कशी संपली ते दाखल्यावर लिहिता येत नाही. शेळी सणाला कापली ती खर्चात धरायची की उत्पन्नात, यावर तलाठ्याचं आणि माझं अजून एकमत व्हायचं आहे.

मग दरवर्षी हयातीचा दाखला. आपण जिवंत आहोत हे कळवण्यासाठी माणसं जिवावर उदार होऊन जीपच्या टपावर बसतात. मिस्त्रींची यावर एकच शंका होती: “गुरुजी, मी मेलो तर ते सांगायलाही मलाच यावं लागेल का?”

साहित्यवाटपाची शिबिरं दोन होतात. पहिल्या शिबिरात मापं घेतात, दुसऱ्यात साहित्य देतात. दोन्हींच्या मध्ये एवढा काळ जातो की पहिल्या शिबिरात मोजलेलं पोरगं दुसऱ्या शिबिरात लग्नाला आलेलं असतं. दुसऱ्या शिबिराला मांडव असतो, पाहुणे असतात, फोटो असतो. केंद्राची ही साहाय्यक साधनांची योजना १९८१ पासून चालू आहे आणि तिच्यातून देशभर असंख्य लोकांच्या हाती कुबड्या, श्रवणयंत्रं, कॅलिपर, तीनचाक्या आल्या. त्यातली एक तीनचाकी मिस्त्रींना मिळाली. हाताने फिरवायची, नवी कोरी, घंटी असलेली. तिच्यात दोष काहीच नव्हता. दोष सातपुड्याचा. खालच्या रस्त्यापासून पाड्यापर्यंत ती चार जणांनी खांद्यावर आणली आणि मिस्त्री मागून काठी टेकत आले. चालता न येणाऱ्या माणसाने आपल्या वाहनाला पोहोचवायला चालत यावं, हे दृश्य कुणी फोटोत घेतलं नाही.

तुलनेला जयपूर फूट बघा. १९६८ साली जयपुरात रामचंद्र शर्मा नावाच्या कारागिराने आणि डॉ. प्रमोद करण सेठींनी तो घडवला, तो आपल्या माणसाला उकिडवं बसता यावं, चिखलात उतरता यावं, अनवाणी चालता यावं म्हणून. आधी माणूस कुठे राहतो ते पाहिलं, मग पाय केला. तीनचाकी करताना समोर सडक होती. सडक आमच्याकडे नव्हती, एवढंच.

पण मिस्त्री म्हणजे मिस्त्री. आठवडाभर ते तीनचाकीकडे बघत बसले. मग त्यांनी तिची मागची चाकं उचलून लाकडाच्या ओंडक्यावर बसवली, साखळीला सहाणेचा दगड जोडला आणि हाताने फिरवून कोयते, कुऱ्हाडी, विळे यांना धार लावायला सुरुवात केली. आता शेजारच्या पाड्यांवरूनही गिऱ्हाईक येतं. पुढे एक साहेब तपासणीला आले. कुठले ते सांगत नाही. हातात कागद, कागदावर प्रश्न.

“तीनचाकी वापरता का?”

“रोज.”

“छान. कुठे कुठे जाता?”

“मी कुठे जात नाही. लोक माझ्याकडे येतात.”

साहेबांनी ‘समाधानकारक’ असं लिहिलं. मला विचाराल तर दिव्यांग सेवांवर एवढा नेमका शेरा दुसरा झालेला नाही. सेवा म्हणजे माणसाने सेवेकडे जाणं नव्हे, सेवेने माणसाकडे येणं, हे मिस्त्रींनी सहाणेच्या दगडावर सिद्ध केलं होतं. साहेबांना वाटलं ते तीनचाकीबद्दल बोलत आहेत.

याच सुमाराला दिव्यांगांना विजेवर चालणारं फिरतं दुकान देण्याच्या योजनेचं पत्रक आलं. प्रदूषण नाही, आवाज नाही, गावोगाव फिरून धंदा करा. मिस्त्रींनी पत्रक उलटसुलट करून पाहिलं. “चढावर बॅटरी संपली तर?” मी म्हटलं, चार्ज करायची. “कुठे?” मी गप्प. “म्हणजे दुकान ढकलायला पुन्हा पुतण्याच.” त्यांनी पत्रकाची घडी करून हलणाऱ्या बाकड्याच्या पायाखाली सारली. बाकडं आजतागायत स्थिर आहे. योजनेचा लाभ मिळालाच नाही असं म्हणता येणार नाही.

पावसाळ्यात घाटात दरड कोसळली, रस्ता बंद झाला आणि कामं थांबली. रिकाम्या वेळेला मी कायद्याचं पुस्तक काढलं आणि मिस्त्रींना वाचून दाखवू लागलो. पहिल्याच प्रकरणात दिव्यांगाची व्याख्या आहे. सोप्या मराठीत ती अशी: शरीराची, मनाची, बुद्धीची किंवा इंद्रियांची दीर्घकाळची कमतरता असलेला माणूस, जिची अडथळ्यांशी गाठ पडली की त्याला इतरांच्या बरोबरीने वावरता येत नाही.

मिस्त्री धार लावायचे थांबले. “परत वाचा. अडथळ्यांशी गाठ पडली की?”

“हो. म्हणजे नुसता पाय नाही. पाय आणि अडथळा, दोन्ही मिळून.”

“अडथळा म्हणजे काय, तेही लिहिलंय?”

लिहिलं होतं. कायद्याने अडथळ्याचीही वेगळी व्याख्या केली आहे: संवादाचे, सांस्कृतिक, आर्थिक, पर्यावरणाचे, संस्थांचे, राजकीय, सामाजिक, दृष्टिकोनाचे आणि रचनेचे. मी एकेक वाचत गेलो आणि मिस्त्री बोटं मोडत गेले. नऊ झाले. “सगळे आहेत आपल्याकडे,” ते समाधानाने म्हणाले. मग जरा वेळाने म्हणाले, “पाय माझा. तो बोर्डाने मोजला, साठ टक्के माझ्या नावावर लावले. ठीक. पण अडथळा कुणी मोजला? त्याचा सातबारा कुणाच्या नावावर आहे?”

मी विचार करू लागलो आणि खरोखरच खातेदार सापडेना. पायवाट बांधकाम खात्याची म्हणावी, तर हद्द वनखात्याची. वनखात्याची म्हणावी, तर त्यांच्या मते तिथे पायवाटच नाही. ओढ्यावर साकव हवा, तर ओढा दोन गावांच्या शिवेवर. रेंज कंपनीची, टेकडी सरकारी, टेकडीवर चढणारे पाय आमचे. दरड कोसळली ती दैवी आपत्ती, म्हणजे खातेदार परमेश्वर, आणि त्याचं आधार लिंक नाही. सपाट गावात साठ टक्के असलेला मिस्त्रींचा हाच पाय इथे शंभर टक्के होतो. वरचे चाळीस टक्के कुणाचे? गोनिओमीटर नावाचं कोनमापक असतं, गुडघा किती वाकतो ते त्याने मोजतात. पण घाट किती वाकतो ते मोजायचं यंत्र बोर्डाकडे नाही.

असं नाही की सेवेला पाय फुटत नाहीत. नर्मदेच्या काठी, सरदार सरोवराच्या पाण्याने वेढलेल्या गावांसाठी आरोग्य खात्याचा तरंगता दवाखाना आहे. रस्ता नाही म्हणून डॉक्टर आणि औषधं होडीत घालून तिथे जातात. होडी करून जाता येतं हे एकदा ठरलं की मग जीप करून जायला काय हरकत? बोर्डाची शिबिरं तालुक्याच्या गावी झाली, त्या त्या वेळी लोकांची दोन दिवसांची वणवण वाचली आणि पुतण्याला त्या दिवशी मजुरी मिळाली. म्हणजे औषध सगळ्यांना माहीत आहे. घ्यायचं कुणी, एवढाच प्रश्न आहे.

तो ग्रामसभेत निघाला.

ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करावेत असा नियम आहे. आदिवासी भागासाठीच्या पेसा कायद्याचे ५ टक्के वेगळे, हे ५ टक्के वेगळे. दोन्हींची गल्लत करून दरवर्षी पहिला अर्धा तास भांडण होतं, तसं झालं. मग हिशेब. स्वतःचं उत्पन्न म्हणजे घरपट्टी आणि पाणीपट्टी. घरं कुडाची आणि पाणी ओढ्याचं. समजा ४० हजार जमले, तर ५ टक्के म्हणजे २ हजार. दिव्यांग २०. माणशी १०० रुपये. एवढ्यात काय द्यायचं यावर मतं पडली: स्टीलचा डबा, चादर, भिंतीवरचं घड्याळ. अंध आजींनी घड्याळाला जोरदार पाठिंबा दिला, कारण नातवाला शाळेला उशीर होतो.

तेवढ्यात मिस्त्री काठी टेकत उठले. “डबे नको. दोन हजारांत जीप सांगा. बोर्डाचे डॉक्टर आणा वर, आश्रमशाळेत बसवा. एका दिवसात सगळे वीस मोजून होतील. आम्ही वीस जण वीस पुतणे घेऊन खाली जाण्यापेक्षा तीन डॉक्टर वर आलेले स्वस्त.”

सभेत टाळ्या पडल्या. पुतण्यांनी जास्त वाजवल्या. ग्रामपंचायत अधिकारी सज्जन माणूस. त्यांनी खरोखरच वही उघडली आणि डोकं खाजवलं.

“मिस्त्री, कल्पना चांगली आहे, पण ऑडिटला अडेल. हा निधी दिव्यांग लाभार्थ्यावरच खर्च करावा लागतो. जीप डॉक्टरांसाठी. लाभार्थी म्हणून नाव कुणाचं लिहू?”

“डॉक्टरांचंच लिहा.”

“डॉक्टर दिव्यांग कसे होतील?”

मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं. मी पुस्तक उघडून व्याख्या काढून दिली. त्यांनी अधिकाऱ्यांपुढे बोट ठेवलं. “हे बघा. अडथळ्यांशी गाठ पडली की ज्याला इतरांच्या बरोबरीने वावरता येत नाही, तो. आमची म्हातारी माणसं हा घाट उतरून जातात. डॉक्टरांना मात्र चढून येता येत नाही. आम्ही दोन दिवसांत खाली जाऊन परत येतो, त्यांना इतक्या वर्षांत एकदाही जमलेलं नाही. दीर्घकाळची कमतरता आहे. कायद्यात बसतंय.”

ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी व्याख्या एकदा वाचली. पुन्हा वाचली. कुठेच खोट काढता येईना. शेवटी त्यांनी पेन उचललं, ‘लाभार्थ्याचे नाव’ या रकान्यात ‘डॉक्टर’ असं लिहिलं, पुढच्या रकान्यावर आले आणि मान वर करून विचारलं,

“प्रमाणपत्र आहे का त्यांच्याकडे?”